गोव्यात गॅरेजचं शटर तीन वर्षांत का कुजतं, आणि ते कसं टिकवायचं

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की गोव्यात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, गेट झालं, की सगळ्यात शेवटी गॅरेजच्या शटरकडे लक्ष जातं. खालच्या दोन-तीन पट्ट्या तांबूस झालेल्या असतात. शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या गाईडच्या तळाशी नख लावलं तर पत्र्याचा पापुद्रा सुटून येतो. वर ढकलताना शटर एका बाजूने पुढे जातं आणि दुसऱ्या बाजूने अडतं. बसवून धड तीन वर्षंही झालेली नसतात. बसवणाऱ्याने तर छातीठोकपणे सांगितलेलं असतं, ‘जीआय आहे, गंजायचं नाही.’ त्याचं म्हणणं खोटं नसतं, अर्धं असतं. उरलेलं अर्धं कळलं की शटर सांभाळायला महिन्याकाठी तासाभराच्या वर वेळ लागत नाही.

शटरमध्ये असतं काय

इथल्या बहुतेक घरांना गुंडाळलं जाणारं रोलिंग शटर असतं, म्हणून लेखाचा भर त्यावरच आहे. पत्र्याच्या साधारण ८० मिलिमीटर रुंद पट्ट्या एकमेकींच्या वळवलेल्या कडांत अडकवून शटरचा पडदा बनतो. दोन्ही बाजूंना उभे चॅनल असतात, ते गाईड. सगळ्यात खाली जाड बॉटम पट्टी. वर, पत्र्याच्या कव्हरआड, एक आडवा पाईप असतो. त्यावर पुल्या आणि पुल्यांच्या आत स्प्रिंगा. शटर खाली येताना या स्प्रिंगा पिळल्या जातात आणि वर नेताना तोच पीळ तुमच्या मदतीला येतो.

ही मदत किती मोठी आहे ते वजनावरून कळतं. सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा सपाट असतानाच चौरस मीटरला जवळजवळ १० किलो भरतो. वळवलेल्या कडा आणि बॉटम पट्टी धरली तर आठ फूट रुंद, साडेसात फूट उंच शटर ७०-८० किलोंच्या घरात जातं. ते आपण एका हाताने वर नेतो.

आता जीआयबद्दल. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला पोलादी पत्रा. जस्त आधी स्वतः झिजतं आणि तोवर पोलादाला हात लागू देत नाही. पत्र्यावर बारीक ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त त्या जागेपुरतं खर्ची पडतं. पण थर संपला की संरक्षण संपलं, आणि थर किती आहे हे क्वचितच कुणी विचारतं. पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे, यावर त्याची प्रत ठरते. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉनचा थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर तो १९-२० मायक्रॉन असतो. समुद्रकाठच्या हवेत जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजतं. लाटांचे तुषार पोचतात तिथे ४ ते ८. म्हणजे १२० ग्रॅमचा पत्रा किनारपट्टीला दोन ते चार वर्षांत उघडा पडणारच होता. त्यात आश्चर्य काहीच नाही.

खरा वैरी मीठ

लोखंड आणि पाणी यांचं वैर सगळ्यांना ठाऊक आहे, पण नुसतं पावसाचं पाणी वाळून जातं. मीठ वाळू देत नाही. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर समुद्राचे अतिसूक्ष्म थेंब येतात, पत्र्यावर बसतात, पाणी उडून जातं आणि मिठाचा न दिसणारा थर मागे राहतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. आषाढात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तोच प्रकार शटरवर बारा महिने चालू असतो. बारा महिने अशासाठी, की समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. गोव्याची हवा इतकी कोरडी होते तरी कधी? जानेवारीच्या कडक उन्हात शटर हाताला कोरडं लागलं, तरी सांध्यांत खारट ओल टिकून असते.

गंज चढणं ही मुळात विजेच्या अगदी बारीक प्रवाहांची क्रिया आहे आणि खाऱ्या ओलीतून वीज सहज वाहते. शिवाय स्वच्छ हवेत जस्तावर हळूहळू राखाडी, घट्ट असा संरक्षक थर धरतो. मिठातलं क्लोराइड तो नीट धरू देत नाही. एकाच पत्र्यावर असे दोन मार बसतात.

‘पाऊस धुतोच की, मग आपण कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि शटरची बाहेरची बाजू तो खरोखरच स्वच्छ धुऊन काढतो. म्हणूनच बाहेरची बाजू बहुधा सगळ्यात शेवटी गंजते. जिथे मीठ पोचतं पण पाऊस पोचत नाही, तिथे घात होतो. शटरची आतली बाजू, छज्जाखालच्या वरच्या पट्ट्या, गाईडच्या आतल्या भिंती, पट्ट्यांचे सांधे, बॉटम पट्टीचा खालचा कोन. या जागांवर वर्षानुवर्षं मीठ साठत राहतं आणि एकदाही धुतलं जात नाही. शटर आतून बाहेर कुजत येतं. बाहेरून तांबूस ठिपका दिसतो तेव्हा आतली बाजू केव्हाच गेलेली असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ऑक्टोबर संपता संपता पाऊस जातो आणि जूनपर्यंत फारसा येत नाही. हे सात-आठ महिने रोज दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि बाहेरची बाजूसुद्धा कुणी धुवत नाही. शटर धुण्याचे खरे दिवस हेच. आपण मात्र पावसाळ्याच्या भीतीने मे महिन्यात एकदा तेल सोडतो आणि उरलेलं वर्ष विसरतो.

धुवायचं कसं

लागतात त्या वस्तू अशा: दोन बादल्या, भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण किंवा गाडी धुवायचा शॅम्पू, मऊ ब्रश किंवा स्पंज, जुना टूथब्रश, सुती फडकी आणि खराट्याची एक हीर. १५ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर साबण पुरतो. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची कडक पावडर नको. खार जस्ताला खातो आणि रंगाची चमकही घालवतो.

पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या किंवा खाजनाजवळच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीजवळच्या, विहिरींना उन्हाळ्यात खारेपणा येतो. त्या पाण्याने शटर धुणं म्हणजे मीठ चोळणं. शंका असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं मीटर पाण्यात बुडवून पाहा. आकडा ५०० च्या वर गेला तर नळाचं पाणी वापरा.

मोटर असेल तर आधी तिची वीज बंद करा. शटर पूर्ण खाली आणा. गुंडाळलेल्या शटरवर पाणी मारून काही साधत नाही, उलट वेटोळ्यात पाणी अडकतं. पहिल्यांदा कोरडाच झाडू फिरवा, कोळिष्टकं आणि धूळ काढा. सांग्यात, डिचोलीत खाणीच्या वाटेवरची घरं असतील तर लाल धूळ सांध्यांत चिकटून बसलेली असते. ती ओली करण्याआधी निघाली पाहिजे, नाहीतर तिचा चिखल होतो. मग वरून खाली, आधी आतून आणि नंतर बाहेरून साबणाचं पाणी लावा. दर सांध्यावरून टूथब्रश आडवा फिरवा. लगेच, साबण वाळायच्या आत, भरपूर गोड्या पाण्याने धुवा. पाईपची धार खालच्या दिशेने ठेवा. गाडी धुवायचं प्रेशर मशीन असेल तर मोह आवरा. तिची धार बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढते आणि पाणी आत ढकलते.

गाईडला वेगळा वेळ द्या, कारण सगळ्यात आधी जातो तो गाईडचा खालचा वीतभर भाग. त्यात वाळू, सुकी पानं, कुंभारीण माशीचं मातीचं घर, असं काय काय सापडतं. हिरीने उकरून काढा, वरून तांब्याने पाणी सोडा आणि ते खालून निघतं का पाहा. निघालं नाही तर पुढची कितीही मेहनत फुकट. पुष्कळ घरांत नंतर टाइल्स घालताना मिस्त्री गाईडचा पाय सिमेंटमध्ये गाडून टाकतो. मग गाईड म्हणजे पाण्याने भरलेली उभी नळी होते. अशा वेळी शटरवाल्याकडून गाईड तळाशी ५-६ मिलिमीटर मोकळा कापून घ्यावा. काम किरकोळ आहे आणि त्याने गाईड बराच जास्त टिकतो.

धुऊन झाल्यावर फडक्याने पुसा आणि शटर दोन-तीन तास खालीच राहू द्या. घाईने ओलं शटर गुंडाळलं की ओल वेटोळ्यात अडकते, हवा लागत नाही आणि जस्तावर पांढरी पूड धरते. त्या पांढऱ्या गंजाने घाबरून जायचं कारण नाही. पांढरा म्हणजे जस्त झिजतंय, तांबडा म्हणजे जस्त संपलंय. पांढरी पूड नायलॉनच्या ब्रशने काढा, तारेच्या ब्रशने नाही. तारेने उरलेलं जस्तही निघून जातं.

समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत घर असेल तर ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी, नाहीतर महिन्यातून एकदा धुवावं. पावसाळ्यात बाहेरची बाजू पावसावर सोडा. आतली बाजू आणि गाईड मात्र एखादा उघाडीचा दिवस पाहून धुवा.

ब्लीच आणि ॲसिड

शटरचा सगळ्यात मोठा घात कधीकधी शेजारच्या स्वच्छतेतून होतो. पावसानंतर अंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ काढायला ब्लिचिंग पावडर पसरतात, तिचं पाणी बॉटम पट्टीखाली जातं आणि तिथेच राहतं. टाइल्सवरचं सिमेंट काढायला ॲसिड वापरतात. त्याची नुसती वाफ बंद गॅरेजमध्ये कोंडली तरी आठवडाभरात शटरच्या आतल्या बाजूला तांबूस झाक येते. अशी कामं असतील त्या दिवशी शटर पूर्ण वर ठेवा, हवा खेळू द्या आणि काम संपल्यावर गाईड व बॉटम पट्टी गोड्या पाण्याने धुवा. बॅटरीचं ॲसिड, पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन गॅरेजमध्ये ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडा.

‘तेल सोडलं की झालं ना?’

धुतल्याशिवाय तेल सोडणं हा आपल्याकडचा सर्वात लाडका उपाय आणि सर्वात वाईटही. मीठ, वाळू आणि तेल एकत्र आलं की त्याची पॉलिशपेस्ट होते. शटर दर वेळी वर-खाली होताना ती पेस्ट जस्त घासून काढते. वापरलेलं इंजिन ऑइल तर अजिबात नको. त्यात धातूचा कीस असतो आणि ते कपड्यांना लागतं ते वेगळंच.

खोबरेल अनेक घरांत हाताशी असतं म्हणून तेच वापरलं जातं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात पहाटे पारा त्याच्या खाली जातो, आणि सकाळी शटर का जड झालं हे कुणाला कळत नाही. उन्हाळ्यात तेच तेल चिकट होऊन धूळ धरतं. डब्ल्यूडी-४० चा डबा तर घरोघरी असतो. पाणी हटवायला, अडकलेला नट सोडवायला तो उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारं द्रावक आहे, मागे उरणारी तेलाची पूट फार पातळ असते. त्याने साफ करा, वंगण म्हणून त्यावर विसंबू नका.

मग काय वापरायचं? गाईडच्या आतल्या भिंतींवर सिलिकॉन स्प्रेचा पातळ थर. तो कोरडा बसतो आणि धूळ फारशी धरत नाही. ओघळ आला तर जास्त झालं, पुसून घ्या. स्प्रे नसेल तर पांढरी मेणबत्ती घासली तरी चालते. पाईपच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला लिथियम ग्रीस, प्रत्येकी वाटाण्याएवढं. कुलपाच्या छिद्रात तेल घालूच नका. तिथे ग्रॅफाइटची पूड घाला, शिसपेन्सिलीचं शिसं किसून घेतलं तरी काम होतं. कुलपाचे आडवे बोल्ट जिथून गाईडमध्ये शिरतात तिथे ग्रीसचं एक बोट. हे सगळं वर्षातून दोनदा पुरेसं आहे: मेअखेर आणि दिवाळीच्या आसपास. धुतल्यानंतर, पूर्ण वाळल्यावर.

स्प्रिंगला हात लावायचा नाही

ही गोष्ट मात्र नीट ऐका. शटर जड झालं की पुष्कळ जण शिडी लावून, कव्हर उघडून ब्रॅकेटचे बोल्ट पिळायला जातात. शटर खाली असताना त्या स्प्रिंगांमध्ये ७०-८० किलो तोलून धरणारा पीळ साठलेला असतो. बोल्ट सैल झाला की पाईप एका झटक्यात उलटा फिरतो. त्यात हात सापडला तर हाताचं काय होतं ते सांगायला नको. स्प्रिंग भरणं, बदलणं, पाईप उतरवणं हे काम शटरवाल्याचं, आणि त्यानेही ते दुसरा माणूस सोबत घेऊनच करावं.

आपण करायची ती फक्त तपासणी. मोटर असेल तर वीज बंद करून शटर मोटरपासून सोडवून घ्या. मग शटर कमरेच्या उंचीवर आणून हात हळूच काढा. हात जवळच ठेवा, पाय शटरखाली नको आणि मुलं लांब हवीत. शटर जागच्या जागी राहिलं किंवा अगदी थोडं सरकलं तर तोल ठीक. धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग ढिली पडली किंवा एखादी तुटली. आपोआप वर पळत असेल तर पीळ जास्त आहे. एका बाजूने तिरकं जात असेल तर बहुधा एका बाजूची स्प्रिंग गेली आहे, नाहीतर गाईड वाकला आहे. तोल बिघडलेलं शटर ढकलत राहिलात तर पट्ट्यांच्या कडा गाईडमध्ये घासून जस्त निघतं, आणि मोटर असेल तर तीही जळते.

गंज लागलाच तर, आणि रंग

बॉटम पट्टी आणि गाईडचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर तेवढा तुकडा बदलावाच लागेल, रंग हा त्यावर उपाय नाही. खालच्या दोन पट्ट्या आणि बॉटम पट्टी बदलून मिळते. पूर्ण शटर नवं घ्यायलाच हवं असं कुणी म्हणालं तर दुसऱ्याला विचारा.

गंज वरवरचा असेल तर सैल गंज तारेच्या ब्रशने काढा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. त्यानंतर जागा गोड्या पाण्याने धुणं ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. गंजाच्या खड्ड्यांत मीठ असतं; ते तसंच ठेवून रंग दिला की रंगाखालून पुन्हा फोड येतात. पूर्ण वाळल्यावर झिंकयुक्त प्रायमर, मग वरचे दोन हात.

जीआयचा नवा पत्रा रंगवताना वेगळीच चूक होते. त्यावर थेट ऑइल पेंट मारतात. ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंग सबंध पापुद्र्याने सुटतो. रंगारी म्हणतो पत्रा खराब, पत्रा विकणारा म्हणतो रंग खराब. दोघांच्या मध्ये राहून गेला तो प्रायमर. दुकानात ‘जीआयसाठीचा एच (etch) प्रायमर’ किंवा इपॉक्सी प्रायमर मागा आणि त्यावरच पुढचा रंग द्या.

आता चवथीचं. चवथीआधी भिंती रंगवा, हरकत नाही, पण शटर नको. श्रावण-भाद्रपदात पत्रा हाताला कोरडा लागला तरी त्यावर ओलीचा सूक्ष्म थर असतो आणि रंग त्यावर बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर असलं पाहिजे. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते. डिसेंबर ते मार्च, सकाळी दहा ते दुपारी तीन-चार, ही इथली वेळ. पाहुण्यांना शटर चकचकीत दिसलं पाहिजे असा घरच्यांचा आग्रह असेल तर धुऊन, पुसून, त्यावर गाडीचं वॅक्स लावा. दिसायलाही बरं दिसेल.

पावसाळ्यात शटरवर निळं प्लास्टिक गच्च बांधून टाकायची पद्धतही सोडायला हवी. आत हवा खेळत नाही आणि ओल कोंडते. बांधायचंच असेल तर वीतभर अंतर सोडून, खालून मोकळं बांधा.

‘आमचं घर फोंड्यात, आम्हाला काय त्याचं?’

मीठ किनाऱ्यापासून आत येताना झपाट्याने कमी होतं, हे खरं. फोंडा, केपे, वाळपई इथली शटरं कळंगुट किंवा बाणावलीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. पण गोव्यात खारं पाणी फक्त समुद्रात नाही. मांडवी आणि झुआरीत भरती खूप आतवर जाते, खाडीकाठची खाजनं खारी असतात आणि रुंद नदीवर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. घर अशा पाण्याच्या काठी असेल तर किनाऱ्याचाच नियम धरा. पार आतल्या गावांत मिठापेक्षा माती आणि ओल जास्त त्रास देतात. तिथे दोन महिन्यांतून एकदा धुणं चालेल, पण गाईडचा तळ साफ ठेवणं सगळीकडे सारखंच.

बंद घरांचा प्रश्न वेगळा. मालक परदेशी, घर सहा-आठ महिने कुलूपबंद. शटर हलत नाही, सांधे गंजून एकमेकांत धरतात, आणि आल्या आल्या पहिल्या ओढीला पट्टी फाटते. चावी ज्यांच्याकडे असेल त्यांना महिन्यातून एकदा शटर पूर्ण वर-खाली करायला सांगा. परत आल्यावर शटर जोराने ओढू नका. सांध्यांवर डब्ल्यूडी-४० मारा, अर्धा तास थांबा आणि इंच-इंच हलवा.

मोटर असेल तर

शटरच्या मोटरी सतत चालण्यासाठी बनवलेल्या नसतात. पाईपच्या आत बसणाऱ्या नळीसारख्या मोटरी सलग साधारण चार मिनिटं चालल्या की गरम होऊन स्वतःहून थांबतात. मुलांनी रिमोटशी खेळून शटर पाच-सहा वेळा वर-खाली केलं आणि ते बंद पडलं, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी अर्धा तास थांबा.

मे आणि ऑक्टोबरात गडगडाटी पाऊस असतो, वीज जाते-येते. मोटरच्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. अर्थिंग दर उन्हाळ्यात तपासून घ्या, चिऱ्याची जमीन सुकली की अर्थिंग कमजोर पडतं. वीज नसताना शटर हाताने उघडायची साखळी किंवा दांडा असतो. तो मे महिन्यातच एकदा वापरून पाहा. गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तर बाहेरून मोटर सोडवायची चावी बसवून घेतलेली बरी, नाहीतर गाडी आत आणि तुम्ही बाहेर. कंट्रोल बॉक्सचं झाकण रबरासकट घट्ट बसवा. पालींना ती उबदार जागा फार आवडते.

आडव्या फळ्यांचा, छताखाली सरकणारा दरवाजा असेल तर धुण्याचे आणि वंगणाचे नियम तेच, फक्त नायलॉनच्या चाकांना तेल नको, त्यांच्या बेअरिंगला थेंबभर पुरे. वरच्या स्प्रिंगा साधारण १०,००० फेऱ्यांसाठी बनवतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षं झाली, आणि गंजाचे खड्डे पडले की त्याही आधी त्या तुटतात. धाडकन आवाज झाला आणि स्प्रिंगमध्ये दोन-तीन बोटांची फट दिसली, तर दरवाजा उचलायचा प्रयत्न करू नका. खालच्या कोपऱ्यात जिथे तारेचा दोर अडकवलेला असतो तिथे पाणी साचतं आणि दोराची एकेक तार तुटत जाते. महिन्यातून एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहा. तिथले बोल्ट मात्र ताणाखाली असतात, त्यांना पाना लावायचा नाही. हा दरवाजा अडथळा लागला की उलटा वर जायला हवा. दीड इंच जाडीची फळी खाली आडवी ठेवून पाहा. परतला नाही तर दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद ठेवा.

नवं घ्यायचं ठरलंच तर

बिलावर दोन आकडे लिहून घ्या: पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये आणि जस्त किती ग्रॅमचं. ‘गेज’वर भागवू नका. १८ गेज साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७; तोंडी १८ सांगून २० बसवलेलं शटर डोळ्यांना कळत नाही. किनारपट्टीला २७५ ग्रॅम आणि वर फॅक्टरीतच दिलेला रंग, याच्या खाली उतरू नये. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हलक्या असतात आणि त्यांना तांबडा गंज चढत नाही, पण मीठ न धुतल्यास त्यांनाही बारीक खड्डे पडतात. आणि त्यात साधे लोखंडी स्क्रू मारले तर झीज स्क्रूंपाशीच सुरू होते. स्क्रू-बोल्ट स्टेनलेसचे मागा. ३०४ प्रतीचं स्टेनलेस समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं, ३१६ टिकतं. सबंध शटर ३१६ चं करायची गरज नाही, पण मूठभर बोल्टांचा फरक काही फार नसतो.

शेवटी गाईड भिंतीत बसतो कसा, तेही पाहा. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्यात मारलेला साधा फास्टनर शटरच्या धक्क्यांनी वर्षभरात हलू लागतो आणि त्याच भोकातून पाणी आत उतरतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटचा खांब असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, किंवा जाळीच्या नळीतून भरायचा केमिकल अँकर, म्हणजे बोल्ट भोकात घट्ट धरणारा चिकट मसाला. आणि भोकाचं तोंड सिलिकॉनने बंद केल्याशिवाय शटरवाल्याला पुरते पैसे देऊ नका.